नवीन टीव्हीवर मारिओ खड्ड्यातच का पडतो? आणि आईचा देव पुठ्ठ्याचा का दिसतो?

मयेचा शमेळवाला

चवथीला गावी होतो, मयेला. घर माणसांनी भरलेलं आणि पाऊस असा की अंगणात पाऊल टाकायची सोय नाही. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं लाकूड काढायला माळ्यावर चढलो, तर पत्र्याच्या ट्रंकेत माझा जुना टीव्ही गेम सापडला. लाल-पांढरा डबा, वायरवाले दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटीवर लिहिलंय ९९९९९९ इन १. खरे गेम मोजून आठ, बाकी तेच नावं बदलून. १९९६ साली बाबांनी म्हापशाच्या बाजारातून आणला होता. मी तेव्हा नववीत, आणि पुढे दहावीला जे काही मार्क पडले त्याचा दोष आई अजून त्या डब्यालाच देते.

भावाने मे महिन्यात ५५ इंची टीव्ही घेतलाय. त्याच्या मागे पिवळी-पांढरी पिन खुपसली, कॅसेटीत फुंकर मारली, तिसऱ्या फुंकरीला चालू झाला! सगळी भुरगीं गोळा झाली. मामा आता काय करून दाखवतो ते बघायला.

मामा पहिल्याच खड्ड्यात पडला.

पहिल्या पातळीत तीन खड्डे आहेत. घरच्या पायऱ्या काळोखात जशा उतरतो तसे मला ते पाठ आहेत. बटण वेळेवर दाबतो, पण मारिओ उडी मारायचा विचार करतो, आणि तोवर जमीन संपलेली असते. सहा वेळा. भाचा म्हणाला, “मामा, वय झालं तुझं.” मग त्याने स्वतःचं ते बोटाएवढं यंत्र आणलं, टीव्हीला मागून लावायचं, त्यात म्हणे हजारो जुने गेम. त्यावरही मारिओ उशिराच उडतो, आणि वर सगळं घाईत चाललंय असं वाटतं. संगीतसुद्धा. भाचा म्हणतो काहीतरीच. पण मी आरतीला शमेळ, म्हणजे घुमटाच्या जोडीचा ढोल, वाजवतो, लय सरकली की मला कळते. सूर तोच होता, लय चढी होती.

आता दुसरी गोष्ट, हिचा पहिलीशी संबंध नसेल कदाचित. दुपारी आई त्याच टीव्हीवर एक जुना पौराणिक सिनेमा बघत बसली होती. थोड्या वेळाने मला हाक मारली, “अरे, हा सिनेमा आहे की सिरियल? देवाचा मुकुट पुठ्ठ्याचा दिसतोय.” मी बघितलं तर खरंच. चित्र स्वच्छ, पण कोणीतरी शूटिंग चालू असताना शेजारी उभं राहून बघतंय असं काहीतरी. हाच सिनेमा जुन्या टीव्हीवर तिने दहा वेळा हात जोडून बघितलाय.

तर जाणकारांनी सांगा: माझे हात म्हातारे झाले की टीव्ही? लय चढी हा भास आहे का? आणि बदकांच्या गेममध्ये बंदुकीने बदक एकही पडत नाही, ती बिघडली असेल का? भाच्यासमोर इज्जतीचा प्रश्न आहे.

---

वास्कोचा गोलकीपर

वय.

आणि टीव्हीच्या सेटिंगला हात लावू नका. भावाला विचारा, फुटबॉल त्या टीव्हीवर लोण्यासारखा दिसत असणार.

---

म्हापशाचा मिस्त्री

गोलकीपरचं ऐकू नकोस. तुझे हात ठीक आहेत.

मी ३१ वर्षं टीव्ही उघडतोय. पहिली वीसेक वर्षं पिक्चर ट्यूब, पावसात फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबला जबर व्होल्टेज देणारा भाग, चर्र चर्र करायला लागला की लोक सेट चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन यायचे. आता पॅनल. पॅनलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलेलं नाही, बोर्ड बदला नाहीतर टीव्ही बदला. असो.

तुझ्या चार तक्रारी आहेत असं तुला वाटतं. उशिरा उडी आणि आईचा पुठ्ठ्याचा मुकुट हा एकच रोग आहे. लय चढी हा वेगळा. बंदुकीचं शेवटी सांगतो.

ट्यूबवाल्या टीव्हीला चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. डब्यातून सिग्नल आला की त्याच क्षणी आतला इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळ ओढायचा. वरून खाली, ओळीमागून ओळ. डबा बोलला की टीव्ही बोलला, मध्ये कोणी नाही. आजचा टीव्ही हा आतून कॉम्प्युटर आहे. तो आलेलं चित्र आधी हातात घेतो, मोठं करतो, त्यातली वाळू काढतो, रंग चढवतो आणि मग तुला दाखवतो. तुझ्या डब्याचं तर आणखी वाईट. तो डबा चित्राच्या निम्म्याच ओळी पाठवतो. टीव्हीला वाटतं उरलेल्या निम्म्या मागून येताहेत, म्हणून तो त्यांची वाट बघत दोन-दोन चित्रं जुळवत बसतो.

या सगळ्यावर कळस म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, आत काम एकच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही सेकंदाला ५०-६० दाखवतो, चांगला असेल तर १००-१२०. मग मधली चित्रं टीव्ही स्वतः बनवतो. हात इथे होता, पुढच्या चित्रात तिथे आहे, म्हणजे मध्ये इथे कुठेतरी असणार, असा हिशेब करून. आता तूच सांग, मधलं चित्र काढायचं तर पुढचं चित्र हातात आलेलं हवं की नको? म्हणून टीव्ही थांबतो. भजनात एखादा झांजवाला असतो बघ, शेजाऱ्याचं ऐकून मग स्वतःचं वाजवणारा. वाजवतो बरोबर, पण कायम मागे. तसा आहे हा.

सिनेमात ते थांबणं तुला कळत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून ठेवतात. पण तिथे ती बनवलेली चित्रं डोळ्याला खुपतात, सिनेमाची चाल जाऊन सिरियलची येते, आणि आईला मुकुटाचा पुठ्ठा दिसतो. गेममध्ये मधली चित्रं खुपत नाहीत, ते थांबणं मारतं. पळणारा मारिओ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जवळजवळ एक वीट पुढे जातो. खड्डा दोन-तीन विटांचा. तू काठावर बटण दाबणारा माणूस, काठ निघून गेलेला.

शमेळ वाजवतोस म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहावा हिस्सा उशीर म्हणजे तू गणपतीसमोर बसलायस आणि घुमटवाला ३४ मीटर लांब, रस्त्यापलीकडच्या कोणाच्या तरी बलकांवात, ओसरीवर बसून वाजवतोय. आरती होईल?

आता लय. शाबास तुझ्या कानाची. जपानात आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपल्याकडे पाल पद्धत, ५० वेळा. निन्टेन्डोने १९८५ मध्ये मारिओ काढला तो ६० धरून. गेमचा सगळा हिशेब चित्रागणिक चालतो, एका चित्राला इतकं पाऊल, इतक्या चित्रांनी पुढचा स्वर. आपल्या बाजारात आले ते नकली डबे ५० च्या टीव्हीसाठी केलेले. म्हणजे तू १९९६ पासून जो मारिओ खेळलास तो मुळापेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ होता. स्वर चिपच्या घड्याळावर, म्हणून सूर तोच. ठेका चित्रांवर, म्हणून लय विलंबित. भाच्याचं यंत्र ६० ने चालवतं. त्याची लय चढी नाही, तुझी उतरलेली होती. जन्मभर आपण सगळ्यांनी मारिओ ठाय लयीत खेळला आणि कोणाला पत्ता नाही.

बंदूक बिघडलेली नाही. ती गोळी मारत नाही, बघते. पुढच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. तू चाप ओढलास की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डोळ्याला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला तर बदक पडलं. ट्यूबवर तो उजेड ठरल्या क्षणी यायचा. तुझा नवीन टीव्ही तो चौकोन दाखवेपर्यंत गेमने ‘दिसलं नाही’ अशी नोंद करून वही मिटलेली असते. शिवाय ट्यूबच्या उजेडाचं जे लपलपणं बंदूक ओळखते ते पॅनलला नाहीच. पॅनलला नाक टेकवून मारलीस तरी पडणार नाही.

उपाय: सेटिंगमध्ये पिक्चर मोड ‘गेम’ कर. गेम मोडमध्ये टीव्ही ही सगळी नटवानटवी सोडून देतो. आईसाठी सिनेमाचा मोड लाव आणि त्यात ती गुळगुळीतवाली सोय शून्यावर आण.

आणि कॅसेटीत फुंकर मारू नकोस रे बाबा. ती फुंकरीने कधीच चालली नाही, काढून परत नीट बसवली म्हणून चालली. फुंकरीतल्या ओलीने पट्ट्या काळ्या पडतात, त्यात आपली गोव्याची हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कानात घालायची कापसाची काडी त्यात बुडवून पुस. काडी काळी येईल ती बघून घाबरू नकोस.

---

मयेचा शमेळवाला

मिस्त्रीबाब, पात्रांव! तुम्ही माझा आदर भाच्याच्या नजरेत निम्मा तरी परत मिळवून दिलात.

भाचा पुरावा मागतो, नुसत्या सांगण्यावर विश्वास नाही. त्यानेच युक्ती काढली. फोनवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० चित्रं. माझा अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत धरले. अंगठा बटणावर बसला तिथपासून मारिओचे पाय सुटले तिथपर्यंत एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. जुना डबा: ३८ चित्रं. एक चित्र म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, तर १५८ झाले. भाच्याचं यंत्र: ३४, म्हणजे १४२. मग गेम मोड लावून परत भाच्याचं यंत्र: १५, म्हणजे ६२. वायर नसलेला रिमोट आहे, थोडं त्याचंही असेल.

६२ ला मी तिन्ही खड्डे पार केले. चढ्या लयीत. वहिनीने नेवऱ्यांचं ताट घेऊन येऊन टाळ्या वाजवल्या.

पण जुन्या डब्याला गेम मोड लागतच नाही! पिवळ्या पिनेवर गेलो की तो पर्याय फिकट दिसतो, दाबला जात नाही. म्हणजे जो गेम माळ्यावरून काढला तोच या टीव्हीवर नीट खेळता येणार नाही. आणखी एक बघितलं त्या स्लो मोशनमध्ये. अंगठा दाबण्याआधी माझा ओठ दुमडतो. दर वेळी. नववीतही दुमडत असणार, तेव्हा बघायला कोण होतं.

आईचा सिनेमाही बदलून दिला. पाच मिनिटं बघून म्हणाली, “आता देव परत देवाच्या जागी गेला.” संध्याकाळी भावाने मॅच लावली आणि ओरडला, बॉल तुटक का दिसतोय म्हणून. गोलकीपर जिंकला तिथे. आता रिमोटमागे चिठ्ठी चिकटवलीय कुठल्या वेळी काय लावायचं.

---

रोटोवाली, पर्वरी

मी सिनेमातल्या इफेक्टचं काम करते, म्हणून राहवलं नाही.

माझं काम म्हणजे रोटो आणि पेंट. नटाला दोरीला टांगून उडवतात, ती दोरी मी पुसते. नटाच्या कडेने रेघ मारून त्याला मागच्या पडद्यापासून सोडवते, एकेका चित्रात. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चित्रं. केस मोकळे असतील आणि वारा असेल तर देवाचं नाव घ्यायचं. आता कच्ची रेघ मशीन काढून देतं, पण कान आणि बोटं यांच्यामध्ये ते हमखास गोंधळतं, मग परत मी आहेच. मुंबईच्या स्टुडिओचं काम घरी बसून करते. बाहेर पाऊस, वीज जाते-येते, यूपीएस टीं टीं करतो, आणि पडद्यावर कोणीतरी तीन दिवस हवेत लटकलेलं असतं.

आमच्या धंद्याचा एक पूर्वज सांगते. बाबूभाई मिस्त्री. १९३७ मध्ये त्यांनी वस्तू काळ्या दोऱ्याला बांधून काळ्या पडद्यासमोर हलवल्या, लोकांना त्या आपोआप हलताना दिसल्या, आणि इंडस्ट्रीत त्यांचं नाव पडलं ‘काला धागा’. तुमची आई बघते ते पौराणिक सिनेमे, त्यातले उडणारे बाण आणि आकाशातून उतरणारे देव, त्या जमान्यात अशा हातांनी केलेले असायचे. ते दोरा लपवायचे, मी पुसते. फरक एवढाच.

आता या गुळगुळीत टीव्हीचा मला राग का, ते सांगते. कॅमेऱ्याचं झापड प्रत्येक चित्राला साधारण सेकंदाच्या ४८ व्या हिश्श्यापुरतं उघडं असतं. तेवढ्यात हात हलला तर तो चित्रात पुसट उमटतो. ती पुसटपणाची शेपटी आम्ही दोरी पुसताना जशीच्या तशी परत रंगवतो, कारण ती नसेल तर डोळ्याला लगेच खोटं वाटतं. आणि मग तुमच्या घरचा टीव्ही माझ्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने तिसरं घुसडतो. जोरात हलणाऱ्या हाताभोवती बघा कधी, पाणी हलल्यासारखी हवा हलते. ती माझी चूक नाही! एकदा माझ्या मावशीच्या घरी मीच पुसलेला शॉट बघितला. नटाच्या खांद्याशी किनार लपलपत होती. मावशी म्हणाली, “हे तू केलंस का गो?” मी म्हटलं नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं होतं, घरी ही सोय बंद करा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि सिनेमावाल्यांनी मिळून फिल्ममेकर मोड आणला, तो लावला की ही सगळी कारागिरी एका झटक्यात बंद. तुमच्या टीव्हीत असेल तर आईसाठी तोच लावून ठेवा, चिठ्ठी लागणार नाही.

बाकी २४ चित्रं हा काही वेदातला आकडा नाही, हे मीही मानते. १९२०च्या दशकात बोलपट आला तेव्हा आवाज नीट यावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये, या हिशेबात तो ठरला. पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये ४८ चित्रांचा सिनेमा काढला तर बऱ्याच जणांनी शमेळवाल्यांच्या आईसारखीच तक्रार केली, सेट सेटसारखा दिसतो म्हणून. गेमवाले मात्र ६० च्या खाली आलं की नाक मुरडतात. माझं मत सरळ आहे. बघायचं असेल तर कमी चित्रं चालतात, मध्ये मनाला काम मिळतं. हात घालायचा असेल तर जास्त हवीत. दोन्हीला एकच टीव्ही लावला तिथे भानगड.

---

पेडण्याची

रोटोवाली, तुझं सगळं पटलं पण एक गोष्ट सांगते. देवाचा मुकुट पुठ्ठ्याचा दिसला तर काय बिघडलं?

आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. पालखी फिरली की रात्री उशिरा धयकालो सुरू. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून पुढे बसून बघतेय. मुकुट पुठ्ठ्याचाच, त्याचं सोनेरी पान एका कोपऱ्यात सुटलेलं. स्त्रीपार्टी पुरुष, हनुवटीवर निळसर दाढी. मांडावर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, उभा राहिला की पर्वत, आडवं केलं की आणि काय काय. लेखी संहिता नाही, जो तो आपल्या जिभेवर लढतो. राक्षस झांजेच्या एका आवाजावर येतो, आणि माझी आजी, जिने त्या माणसाला सकाळी पारावर चहा पिताना बघितलेलं असायचं, ती पदर सावरून मागे सरकायची. पुठ्ठा सगळ्यांना दिसत होता.

आता ट्रिकसीन आले. धूर, बल्बांची माळ लावलेलं सुदर्शन, वरून दोरीने येणारा गरुड. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू. गरुडाची दोरी अडकते, मागून कोणीतरी “सोड, सोड” म्हणतं, गरुड हिसका देऊन उतरतो, मंडपात शिट्ट्या. पण गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या मुलांनी जत्रेच्या नाटकाला रंगवलेले पडदे सोडून एलईडीची भिंत भाड्याने आणली. महाल, जंगल, कैलास, सगळं हलणारं. कैलासावर बर्फ पडत होता. भिंतीचा उजेड इतका की समोर उभा शंकर काळा ठिक्कर, नुसती सावली. म्हणून त्याच्या तोंडावर आणखी दिवे मारले. मग कैलास फिका पडला, म्हणून भिंत आणखी वाढवली. जनरेटर गुरगुरतोय, पायपेटी ऐकू येत नाही. शेवटी मधल्या प्रवेशात भिंतीवर चौकोन आला, सॉफ्टवेअर अपडेट करायचं का असं विचारणारा. शंकर पाठमोरा, त्याला कुठे दिसतंय. तो बिचारा तांडवाचं पद म्हणतोय आणि मागे ‘नंतर आठवण करा’.

हसले मी पण. घरी येताना मात्र वाटलं, बाकडं असतं तर त्याने काही विचारलं नसतं.

तर शमेळवाले, तुमच्या आईच्या सिनेमाचा प्रश्न मला पुठ्ठ्याचा वाटत नाही. दशावतारात पुठ्ठा आहे हे आधी ठरलेलं असतं, आपण तसं मान्य करून बसतो. सिनेमा म्हणत असतो की हे सोनं आहे, आणि टीव्ही मध्येच उघडं पाडतो. मला फसवा, चालेल. न फसवता दाखवा, तेही चालेल. एकाने फसवायचं आणि दुसऱ्याने खिडकी उघडायची, हे मला नको.

भाच्याला विचारा, नरकासुर करायला जातो की नाही. आमच्या पोरांनी गेल्या दिवाळीला थर्मोकोल-कागदाच्या नरकासुराला वायपरची मोटर लावून मान फिरती केली होती. रात्रभर फिरली. पहाटे जाळायच्या आधी कोणीतरी मोटर काढून घेतली, पुढच्या वर्षासाठी.

---

वास्कोचा गोलकीपर

वायपरची मोटर आमच्या वाड्यावरून गेली नव्हती ना? आमची गायब आहे.

---

मयेचा शमेळवाला

पेडण्याचीने एलईडीचं लिहिलं ते मी आईला वाचून दाखवलं. म्हणाली, शंकर पाठमोरा होता म्हणून बरं, नाहीतर त्याने तिसरा डोळा उघडला असता.

रोटोवाली, फिल्ममेकर मोड सापडला. चिठ्ठी काढली. भावाचा फुटबॉल वेगळ्या मोडवर ठेवलाय, तो आता मॅचच्या आधी स्वतः बदलतो आणि नंतर परत करायला विसरतो. काल आईचा देव परत सिरियलमध्ये गेला होता, तिने स्वतःच रिमोट उचलून बरोबर जागी आणला. ७४ वर्षांची बाई, मोडचं नाव वाचता येत नाही, खालून तिसरा असं लक्षात ठेवलंय.

पट्ट्या अल्कोहोलने पुसल्या. काडी काळी नव्हे, हिरवी आली.

आता मिस्त्रीबाब, खरं काम. जुन्या डब्यासाठी ट्यूबवाला टीव्ही हवा. आमचा होता तो २०१४ च्या सुमाराला भंगारवाल्याला दिला, त्याने पन्नास रुपये दिले आणि आम्ही खूश झालो होतो. तुमच्याकडे किंवा कोणाकडे चालू स्थितीतला आहे का? १४ इंचीही चालेल. मला ठाय लयीतला मारिओ परत खेळायचाय, आणि भाच्याला बदक मारून दाखवायचंय. तो म्हणतो बंदूक पडद्याकडे ‘बघते’ हे मिस्त्रीने रचलंय.

---

म्हापशाचा मिस्त्री

रचलंय म्हणे. त्याला दुकानात पाठव.

२१ इंची एक आहे माझ्याकडे. रंग ठीक, डाव्या कोपऱ्यात थोडी जांभळी छटा, ती डीगॉस करून, म्हणजे ट्यूबला चिकटलेलं चुंबकत्व काढून जाईल. मागची एव्ही पिन मी बदलून ठेवतो. शुक्रवारी येऊ नकोस, बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही. शनिवारी सकाळी ये, बदकाची बंदूक घेऊन ये, इथेच लावून बघू. भाच्यालाही आण, बघायला आणि उचलायला. त्या काचेचं वजन सगळं पुढच्या बाजूला असतं, पडदा छातीकडे करून धरायचा. एकट्याने उचललास तर पुढच्या चवथीला शमेळ दुसरा कोणी वाजवेल.

आणि घरी नेल्यावर मागचं झाकण उघडून आत बोट घालू नकोस. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये करंट राहतो. ते मला पहिल्याच वर्षी कळलं.